तीनदा बंद केलेला नक्षीखाना

१. पुन्हा स्वागत

बुधवारी सकाळची शाळा आटोपून टिटवी कारखान्यात शिरली, तेव्हा तिच्या एका पायात बूट होता आणि दुसरा हातात. तेवढ्यात बाबांच्या मोबाइलवर टुणकन आवाज झाला. बाबांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, वाचलं, आणि हातातला पुठ्ठा असा काही आपटला की खळीच्या भांड्यात आडवा पडलेला ब्रश उठून बसला.

"झाला परत सुरू," ते म्हणाले. "तिसऱ्यांदा."

कारखाना म्हणायचा एवढंच. घराचीच पुढची मोठी खोली ती. जुनी पुस्तकं इथे येत, उसवून, धुऊन, पुन्हा शिवून नव्या पुठ्ठ्यात बसवली जात. मधोमध लांब टेबल, कोपऱ्यात पुस्तकं दाबायचा लाकडी शिकंजा, आणि खिडकीशी एकच कॉम्प्युटर, त्यावर सगळ्यांचाच हक्क.

परत सुरू झाला होता तो 'नक्षीखाना'. इंटरनेटवरची ही सेवा मुखपृष्ठांसाठी वेलबुट्ट्या, चौकटी आणि वळणदार अक्षरं पुरवायची. मागच्या वर्षी आत्याने हौसेने वर्गणी भरली. पण गिऱ्हाइकांना बाबांचे हाताने मारलेले सोनेरी ठसेच हवे असत. वर्ष संपलं की पुढच्या वर्षाचे पैसे आपोआप कापले जाणार, आणि त्याला आता जेमतेम बारा दिवस राहिले होते.

बंद करणं सोपं नव्हतं. 'खरंच जाताय?' पासून 'आमचं काही चुकलं का?' पर्यंत सात पानं ओलांडावी लागत. पाचव्या पानावर डोळ्यांत पाणी आणलेलं कुत्र्याचं पिल्लू. 'थांबतो' हे बटण भोपळ्याएवढं, 'जातो' हे मुंगीएवढं. शेवटी 'सात दिवसांत सेवा बंद होईल' असं आलं की बाबा घाम पुसत. मंगळवारी दुपारी कारखान्याला सुट्टी असायची, म्हणून हा उद्योग ते लागोपाठ तीन मंगळवार करत आले होते. आणि दर वेळी सात दिवस भरायच्या आत टुणकन 'पुन्हा स्वागत!'

"या वेळी मी पासवर्ड बदलला होता," बाबा म्हणाले. "कुणाला सांगितला नव्हता. मी तो टाइप करत होतो तेव्हा माझ्या मागे फक्त ताई उभी होती."

ताई म्हणजे आत्या, बाबांची थोरली बहीण. ती खिडकीशी पानं ओवत होती. तिने सुई थांबवली.

"म्हणजे मी चोरून सुरू करते?"

बाबा काही बोलले नाहीत. हो म्हणाले असते तर भांडण झालं असतं, नाही म्हणाले असते तर मिटलं असतं. ते पुठ्ठ्याकडे बघत राहिले.

टेबलाच्या टोकाला खळकाका नुकतेच कॉम्प्युटरवरून उठून डब्यातला पहिला घास घेत होते. आजोबांच्या काळापासून कारखान्यातली खळ तेच शिजवत, म्हणून खळकाका. त्यांचा घास हातातच राहिला.

आत्याने दोऱ्याला गाठ मारली, कात्रीने टोक कापलं आणि शांतपणे म्हणाली, "शनिवारी दुपारी दोनच्या गाडीने मी जाते. मैत्रिणीच्या गावी वाचनालयात जागा आहे, ती कधीची बोलावतेय."

टिटवीच्या हातातला बूट खाली पडला.

२. गाठीची खळ

आत्या आठ दिवसांसाठी म्हणून आली होती, अकरा वर्षांपूर्वी. बाबांचं बोट कापायच्या यंत्रात सापडलं होतं, तेव्हा मदतीला. बोट बरं झालं, आत्या राहिली.

मागच्या वर्षीपर्यंत टिटवीला टिटवी कुणी म्हणत नव्हतं. वर्गात नाव पुकारलं तरी तिच्या घशाला कुलूप बसायचं. मग आत्याने बांधायला आलेल्या पुस्तकांची नावं तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्यायला सुरुवात केली. "कुणाला ऐकवायची नाहीत, पुस्तकालाच ऐकव," म्हणायची. दिवसाला दहा नावं, मग प्रस्तावना, मग अख्खी प्रकरणं. आता टिटवी सुरू झाली की तिला थांबवायला दादाला उशी फेकावी लागे. ही भानगड सोडवायला कुणी हवं असेल, तर ते तीच, यात तिला तिळभर शंका नव्हती. आई महिनाभराच्या प्रशिक्षणाला बाहेरगावी होती, नाहीतर प्रकरण पहिल्याच दिवशी निकालात निघालं असतं.

गुरुवारी ती वही घेऊन कामाला लागली. पहिला दादा.

"नक्षीखान्यातून जहाजाचं चित्र कुणी उतरवून घेतलं?"

दादा कागद कापत होता. त्याचे कान लाल झाले. "कोणतं जहाज?"

"तुझ्या पाण्याच्या बाटलीवर आहे ते. तुझ्या टीममधल्या अकराही जणांच्या बाटल्यांवर आहे."

"घेतलं. पण सुरू नाही केलं. अगं, ते मुंगीएवढं बटण बघूनच मला झोप येते. आणि बाबांचा नवा पासवर्ड मला कुठून कळणार? मी तर माझाच विसरतो."

हे मात्र पटण्यासारखं होतं.

मग आत्या. बॅग पलंगावर उघडी, आणि कपड्यांवर नक्षीखान्यातल्या वेलींच्या छापील चित्रांचा गठ्ठा.

"आत्या, ही चित्रं?"

"आवडतात मला. त्यात लपवायचं काय?"

"मग तू बाबांना स्पष्ट सांग ना, की तू नाही केलंस."

आत्याने टॉवेलची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्याने विचारलं कुठे? मनाशी ठरवून टाकलं. तो कधी काही बोलत नाही गं. ना चांगलं, ना वाईट. मी जन्मभर त्याच्या गप्प बसण्याचे अर्थ लावायचे?"

टिटवी खाली आली ती मान खाली घालून. दारात गाणं शिकवणाऱ्या बाई उभ्या होत्या, गाण्यांची जाडजूड वही घेऊन.

"अहो, हे बघा ना. कव्हरखाली फोड आल्यासारखं झालंय."

खळकाकांनी वहीवरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा पडला. "गाठीची खळ. हे माझं काम नाही."

"माझं आहे," दादा पुटपुटला. "तुमची दाढ काढली होती ना, तेव्हा तीन दिवस मीच शिजवत होतो. ढवळत ढवळत मॅच बघत होतो जरा."

बाई हसल्या. खळकाकांनी मागच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीने लिहिलेली तारीख पाहिली. प्रत्येक पुस्तकात ती असते, ही इथली पद्धत. टिटवीनेही पाहिली, सवयीने वहीत उतरवून घेतली, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तिची नजर गेली तशी तिची पेन्सिल थांबली.

कॅलेंडरवर बाबांच्या लाल खुणा होत्या. पहिल्यांदा मंगळवारी बंद, बुधवारी परत सुरू. तिसऱ्यांदाही तसंच. पण दुसऱ्यांदा मंगळवारी बंद केलेला नक्षीखाना बुधवारी मेलेला, गुरुवारी मेलेला, शुक्रवारी मेलेला, आणि जिवंत झाला तो थेट शनिवारी.

गाठीची खळ त्याच गुरुवारची होती.

३. सर्दी झालेल्या ताई

टिटवीला रात्रभर एकच गोष्ट टोचत राहिली. दादा त्या तीन दिवसांत इथेच होता, आत्याही इथेच होती. सुरूच करायचं असतं तर त्यांनी शनिवारपर्यंत वाट कशाला पाहिली असती? इथे नव्हते ते फक्त खळकाका. आणि खळकाकांना तर पासवर्ड म्हणजे काय हेसुद्धा नीट माहीत नव्हतं. त्यांना ती शाळेतून आल्या आल्या विचारायला गेली, तेव्हा त्यांनी सरळ कानाला हात लावले.

"त्या नक्षीखान्याचं दारही मी पाहिलेलं नाही, पोरी. मी आपली पत्रं बघतो."

ते खरंच बोलत होते. खळकाका खोटं बोलले की त्यांना उचकी लागायची, आणि उचकी लागली नव्हती.

मग तिने नक्षीखान्याच्या मदतकक्षालाच फोन लावला. एक दाबा, चार दाबा, पुन्हा एक दाबा. 'आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे' हे तिने इतक्यांदा ऐकलं की शेवटी ते तिला पाठ झालं आणि ती सुरात म्हणायला लागली.

"चांगलं म्हणताय," पलीकडून खरा माणसाचा आवाज आला, आणि पाठोपाठ शिंक. "बोला, काय मदत करू?"

टिटवीने सगळं सांगितलं. सगळं म्हणजे आत्याची बॅग आणि कुत्र्याचं पिल्लूसुद्धा. पलीकडच्या बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही, फक्त दोनदा शिंकल्या.

"मला इथे एवढंच दिसतंय," त्या म्हणाल्या. "बंद करायची सूचना तीनदा आली आणि तीनदा तुमच्याकडूनच मागे घेतली गेली."

"वेबसाइटवर येऊन?"

"नाही."

"मग कशी?"

"ते सांगायची मला परवानगी नाही. आपलं बोलणं नोंदवलं जातंय." थोडा वेळ नुसता नाक ओढल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे पुस्तकं बांधतात म्हणालात ना? मग शेवटचं पान गळलं तर पुस्तक अपुरं राहतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं."

टिटवी बोलायचीच थांबली, म्हणजे केवढी गोष्ट.

"आभारी आहे, ताई. खूपच. आणि गरम पाण्याचा वाफारा घ्या."

"या खात्यात मी चार वर्षं आहे," बाई म्हणाल्या, "पण आभार मानून फोन ठेवणारं कुणी भेटलं नव्हतं."

फोन ठेवल्यावर टिटवीने पहिल्यांदाच खळकाकांसाठीच्या पत्रांच्या ट्रेकडे नीट पाहिलं. तो रिकामा होता, तळाशी एक घडी घातलेला कागद सोडून. अक्षर आत्याचं होतं. 'मी शनिवारी दोनच्या गाडीने जात आहे. किल्ल्या खुंटीवर आहेत. सुया डाव्या खणात.' तारीख गुरुवारची. आणि त्यावर खळकाकांचा शिक्का नव्हता.

शिक्का का नव्हता, या विचारात ती कागद पालथा करते न करते, तोच ती उठून टेबलावरच्या खिळ्याला टोचलेले कागद चाळू लागली. कारण या ट्रेमध्ये आलेल्या इतर प्रत्येक कागदावर खळकाका तो मारत.

४. दोनपैकी एक

शनिवारी सकाळी, साडेअकराला, टिटवीने सगळ्यांना लांब टेबलाभोवती बसवलं. आत्या आली, पण बॅग हातात घेऊन. बाबा आले, पण तोंड शिकंज्याकडे करून.

"मला पंधरा मिनिटं द्या," टिटवी म्हणाली. "गाडी दोनला आहे."

"तुझी पंधरा म्हणजे आमची पन्नास," दादा म्हणाला.

"तू गप्प बस, जहाजवाल्या. तर पहिली गोष्ट. बाबांनी पासवर्ड बदलूनही नक्षीखाना सुरू झाला. आपण विचारत राहिलो, पासवर्ड कुणी पाहिला? मी म्हणते, कुणीच नाही. तो लागलाच नाही. फोनवरच्या ताईंनी सांगितलं, वेबसाइटवर कुणी आलंच नव्हतं."

बाबांची मान थोडी वळली.

"दुसरी गोष्ट. दुसऱ्या आठवड्यात तो तीन दिवस उशिरा जिवंत झाला. त्या तीन दिवसांत इथे कोण नव्हतं, ते गाणंवाल्या बाईंच्या वहीवरच्या फोडांना विचारा."

सगळ्यांनी खळकाकांकडे पाहिलं. खळकाकांचे दोन्ही हात पुन्हा कानांकडे निघाले.

"काका, हात खाली. तुम्ही दार पाहिलं नाहीत हे खरंच आहे. आता मला सांगा, या कारखान्याचा सगळ्यात जुना नियम कोणता?"

"आलेल्या प्रत्येक पत्राची पोच जेवणाआधी गेलीच पाहिजे," खळकाका पाठ म्हटल्यासारखं म्हणाले. "तुझ्या आजोबांनी घालून दिलेला. लिहिणाऱ्याने आपल्यासाठी वेळ काढला, त्याचे आभार मानल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही."

नियम सगळ्यांना माहीत होता. पत्रं आता ईमेलने येत. खळकाकांना पडद्यावर वाचता येत नसे, म्हणून आत्या रोज सकाळी ती छापून ट्रेमध्ये ठेवी. खळकाका दुपारी कॉम्प्युटरपाशी बसत, एका बोटाने दोन ओळींचं उत्तर टाइप करत, छापील कागदावर 'पोच दिली' हा तारखेचा शिक्का मारत आणि तो कागद टेबलावरच्या खिळ्याला टोचून ठेवत.

टिटवीने खिळा पुढे ओढला आणि त्यातून तीन कागद काढून ओळीने मांडले. तिन्ही सारखेच. 'आपण निघालात याचं आम्हाला दुःख आहे...' नक्षीखान्याकडून आलेली निरोपाची पत्रं. पहिल्यावर शिक्का बुधवारचा. दुसऱ्यावर शनिवारचा. तिसऱ्यावर या बुधवारचा.

"काका, तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"काय देणार? इतकं मनापासून लिहिलं होतं बिचाऱ्यांनी." खळकाका कावरेबावरे झाले. "लिहिलं, पत्र मिळालं, आभारी आहोत, आपला लोभ असाच राहू द्यावा."

"आता कागदाच्या कोपऱ्यात बघा."

बाबांनी चष्मा नाकावर आणला. "दोनपैकी एक."

"आणि दोनपैकी दोन?"

मग आत्या हळूच म्हणाली, "मी पहिलंच पान छापते. कागद वाचवायला. दुसऱ्या पानावर नेहमी पत्तेबित्तेच असतात."

टिटवीने मागे लपवलेला कागद टेबलावर ठेवला. तो तिने सकाळीच छापला होता. खूप पांढरी जागा, आणि तळाशी बारीक राखाडी ओळ. बाबांनी ती वाचली, आधी मनात, मग मोठ्याने.

"हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत आपण त्यास उत्तर पाठवल्यास, आपण आमच्यासोबत राहू इच्छिता असे समजण्यात येईल."

"म्हणजे मीच," खळकाका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. "मी आभार मानले, आणि ताईसाहेबांवर आळ आला."

"तुम्ही चोर नाही, काका," टिटवी घाईघाईने म्हणाली. "आपल्यातलं कुणीच चोर नाही. तुम्ही आभार मानलेत, त्यांनी त्याचं बटण करून टाकलं. दुसऱ्या कुठल्याही दुकानात हे घडलंच नसतं. असल्या पत्राला उत्तर देतं कोण?"

आत्याला हसू आलं. पण तिने घड्याळाकडे पाहिलं, आणि बॅग उचलली.

५. पोच

"ताई, थांब," बाबा म्हणाले.

आत्या थांबली. बाबा मात्र तिथेच अडले. तोंड उघडलं, मिटलं. बोट कापलं तेव्हाही ते असेच गप्प होते, असं आत्या नेहमी सांगायची.

टिटवीने ट्रेच्या तळाचा कागद आणून त्यांच्यासमोर ठेवला, बाजूला पेन्सिल.

"या कारखान्यात पोच न दिलेलं हे एकच पत्र आहे," ती म्हणाली. "काका, तुम्ही का नाही दिलीत?"

"काय लिहू?" खळकाका म्हणाले. "जायचं पत्र आहे ते. दोन दिवस माझं बोट चालेना. जेवलोही नाही नीट."

बाबांनी पत्र वाचलं. सुया डाव्या खणात, इथपर्यंत आल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला, जरा जास्तच वेळ पुसला. मग पेन्सिल घेतली आणि कागदाच्या मागे लिहायला लागले. दोन ओळी झाल्या, चार झाल्या, पान संपलं. त्यांनी दुसरा कागद ओढला. टिटवीने त्यांना एका वेळी इतकं लिहिताना कधी पाहिलं नव्हतं. दादाने जहाजाची बाटली उघडून हळूच पाणी त्यांच्याकडे सरकवलं.

लिहून झाल्यावर बाबांनी स्वतःच शिक्का उचलला, मारला, आणि दोन्ही पानं आत्याच्या हातात दिली.

आत्या उभ्यानेच वाचू लागली. मग बॅगेवर बसून वाचू लागली. बाबांनी काय लिहिलं ते टिटवीला दिसलं नाही. तिने वाकून पाहिलं, पण आत्याने कागद छातीशी धरला. फक्त पहिली ओळ दिसली: 'ताई, मी विचारायला हवं होतं. अकरा वर्षांचे आभार राहिलेत, ते आधी.'

"झालं तर मग," टिटवी म्हणाली. तिचा आवाज जरा चिरकला, पण ती थांबली नाही. "नियम म्हणजे नियम. निरोपाच्या पत्राला सात दिवसांच्या आत उत्तर गेलं, की जाणं रद्द. इथे तर दोनच दिवस झालेत."

आत्याने डोळे पुसले. "हा नियम त्या लबाडांचा आहे."

"एवढा एक चांगला आहे त्यांचा."

"वाचनालयवालीला काय सांगू?"

"तिच्याकडे सुट्टीत आठ दिवस जाऊन ये," बाबा म्हणाले. मग लगेच, "खरे आठ."

आत्या हसली, आणि किल्ल्या घ्यायला खुंटीकडे गेली.

त्याच दुपारी तिने स्वतः नक्षीखाना चौथ्यांदा बंद केला. पिल्लाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. निरोपाचं पत्र आलं, तिने दोन्ही पानं छापली, आणि पुढचे सात दिवस खळकाकांनी काय सोसलं ते त्यांनाच माहीत. दुपार झाली की त्यांचं उजवं बोट फुरफुरायचं. शेवटी दादाने त्यांना ढवळायला खळीचं भांडं दिलं. आठव्या दिवशी सेवा बंद झाल्याची पावती आली. तिला उत्तर दिलं तर सेवा परत सुरू होईल असं दुसऱ्या पानावर कुठेही लिहिलेलं नव्हतं, हे तिघांनी मिळून तपासलं, आणि मग पोच पाठवून खळकाका जेवले.

टिटवीने मदतकक्षाच्या पत्त्यावर हाताने एक पत्र लिहिलं: 'सर्दी झालेल्या ताईंना.' त्यात शेवटच्या पानाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, उगाच त्यांची नोकरी अडचणीत यायची. फक्त लिहिलं, आमच्या घरातलं एक माणूस राहिलं, आणि वाफारा घेतलात का.

मग आणखी एक पत्र लिहिलं. ते लांबलं, दोन पानं झालं. त्यात घशातलं कुलूप होतं, रोजची दहा नावं होती, पुस्तकाला ऐकव म्हणणारी आत्या होती. ते तिने सकाळी शाळेत जाताना ट्रेमध्ये, सगळ्यात वर ठेवलं.

दुपारी ती आली तेव्हा एक बूट हातातच होता. पत्र तिच्या ताटाशेजारी ठेवलेलं होतं. कोपऱ्यात शिक्का, पोच दिली. खाली पेन्सिलीने, आत्याच्या बारीक अक्षरात, एकच ओळ:

'दोन्ही पानं वाचली.'